मागच्या खोलीपर्यंतचं वायरलेस

आमच्या घरी वायरलेस इंटरनेट आलं ते एका बारशासाठी, असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. गंगापूर रोडच्या आमच्या कॉलनीत तेव्हा इंटरनेट असलेली घरं मोजकीच होती. त्या घरांत एक वायर कॉम्प्युटरच्या पाठीत खोचलेली असे आणि त्या कॉम्प्युटरसमोर घरातलं जे कोणी सगळ्यांत हट्टी असेल ते बसलेलं असे. आमच्याकडे ती मी. सत्ताविशी उलटलेली, कॉलेज रोडवरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवणारी आणि आईच्या शब्दांत 'लिनक्सशी लगीन लावलेली'.

आईच्या म्हणण्यात तथ्य होतं. एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून मी पहिल्यांदा लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम टाकली ती नव्वदचं दशक संपता संपता, आणि तेव्हापासून मी बिघडलेच. ज्याचं पोट उघडून आत काय चाललंय ते बघता येत नाही, ते आपलं नाही, असं माझं ठाम मत. रविवारी सकाळी आम्ही आठ-दहा जण क्लासमध्ये जमायचो, एकमेकांची मशीनं दुरुस्त करायच्या नावाखाली बिघडवायचो आणि मग मिसळ खायला जायचो. मला बघायला आलेल्या एका इंजिनिअरला मी पोह्यांची बशी मध्ये ठेवून अर्धा तास लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, काय असतो ते समजावलं होतं. त्या लोकांचा पुढे निरोपच आला नाही. आईने ते मला वर्षभर ऐकवलं.

बाबा टेलिफोन खात्यातले. खांबावर चढण्यापासून सुरुवात केली आणि केबल जॉइंटर म्हणून निवृत्त झाले. जमिनीखालून जाणाऱ्या जाड केबली जिथे जोडल्या जातात, तिथे खड्ड्यात उकिडवं बसून शेकडो तारांच्या जोड्या एकेक करून जुळवायच्या, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. माणूस कमी बोलायचा. तारांना बोलायची गरज नसते, म्हणून असेल.

आणि त्या घरात एक पेटी होती. तिच्याबद्दल आधी सांगितलं पाहिजे, कारण मला तिचा फार राग होता.

नव्वदीच्या सुरुवातीला आमच्याकडे फोन आला, तो खात्याने कर्मचाऱ्याला दिलेला फोन. तो खासगी गप्पांसाठी वापरायचा नाही, हे बाबांनी स्वतःच्या मनाशी ठरवलेलं. खात्याचं त्याबद्दल काय म्हणणं होतं कोण जाणे. त्यांनी सातपूरच्या एका वेल्डरकडून जाड पत्र्याची पेटी करून घेतली. राखाडी रंग, पुढे बिजागरीचं दार, दाराला कुलूप. हॉलच्या भिंतीत जिथे लाइन आत येत होती, बरोबर तिथेच ती ठोकून बसवली आणि फोन आत ठेवला. रिंग वाजली की वरच्या खाचेतून रिसीव्हर उचलायचा. फोन लावायचा असेल तर बाबांकडे किल्ली मागायची. किल्ली त्यांच्या शर्टाच्या खिशात, टेस्टरच्या शेजारी.

मला आणि माझ्या मोठ्या बहिणीला मैत्रिणींना फोन करायचे असत, ते एक असो. पण आईलाही किल्ली मागावी लागे, हे मला खुपायचं. तिचं माहेर कळवणजवळचं. गावात एका किराणा दुकानात फोन होता. महिन्यातून एकदा ती पदराला हात पुसत हॉलच्या दाराशी उभी राहायची आणि म्हणायची, "अहो, जरा खोलता का?" बाबा दार उघडायचे. ती बोलायची, "कशी हाय गं बाई? लय आठवण येती," आणि तीन-चार मिनिटांत ठेवायची. मग खट्. कुलूप लागायचं. बाबा कधी नाही म्हणाले नाहीत, रागावले नाहीत. पण मागावं तर लागायचंच ना. दहावीत असताना मी एकदा तोंडावर म्हणाले होते, "बाबा, ही पेटी आहे का पिंजरा?" ते म्हणाले, "कॅबिनेटचं दार उघडं टाकून जॉइंटर उठत नाही." कॅबिनेट म्हणजे खात्याची रस्त्याकडेची, तारा जोडायची लोखंडी पेटी; त्यांच्या लेखी विषय संपला.

पुढे कॉर्डलेस फोन आला आणि टेबलावर राहायला लागला. पेटी रिकामी झाली. मला वाटलं, आता निघेल. कसली निघते. लाइनचं तोंड तिच्यातच होतं. बाबांनी वरची खाचसुद्धा पत्र्याचा तुकडा मारून बंद केली, कारण आत पाली शिरत. आणि ब्रॉडबँड घेतलं तेव्हा राउटर आला तो सरळ त्या पेटीत गेला. फोनची वस्तू फोनच्या पेटीत, याहून साधं काय असणार? मागच्या भोकातून एक वायर निघून माझ्या कॉम्प्युटरला गेली, आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

तर बारसं.

बहीण लग्न होऊन इंग्लंडला गेली होती. तिला दिवस गेले तेव्हा आईने बाळंतपणाला जायचं ठरलं. पासपोर्ट झाला, तिकीट झालं, डिंकाचे लाडू डब्यात भरून वर कापडाने बांधले. जायच्या तीन आठवडे आधी ती नवस फेडायला वणीच्या गडावर गेली आणि उतरताना पायरीवरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं की दीड महिना पलंगावरून हलायचं नाही. स्वयंपाकघराच्या मागची खोली शांत, उन्हाची. तिथे तिचा पलंग टाकला. लाडू आम्ही खाल्ले. ती एकाही लाडवाला शिवली नाही.

बाळ झालं ते जानेवारीत. मुलगी. बहिणीचा फोन आला की बाराव्या दिवशी, रविवारी, बारसं करतो आहोत. तिथल्या मराठी मैत्रिणी येतील, पण पाळणा कोणालाच नीट येत नाही.

पाळणा हे आईचं राज्य. तिच्या आईकडून आलेला, कुठल्या पुस्तकात नसलेला. त्यात त्यांच्या गावचा ओढा होता, बांधावरची बोर होती आणि शेवटी बाळाच्या आजोळच्या माणसांची नावं ओवलेली असत. बाळ बदललं की नावं बदलायची. कॉलनीत कुठेही बारसं असलं की आईला आधी बोलावणं. आणि आता स्वतःच्या पहिल्या नातीच्या पाळण्याला ती इथे पलंगावर पडून.

मी म्हणाले, "फोनवर म्हण ना. ते स्पीकरवर ठेवतील."

"फोनवर म्हनायला मी काय रेडिओ हाय का? दोरी ओढलेली दिसल्याबिगर ओळ कशी सुटायची तोंडातून?" असं म्हणून तिने भिंतीकडे तोंड केलं. आईला मी रडताना फारशी पाहिलेली नाही. तेव्हाही दिसली नाही, फक्त पाठ दिसली.

मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, की रविवारी तू पाळणा बघून म्हणशील, इथेच, या पलंगावरून. बोलून गेले आणि अडकले.

हॉलमधला कॉम्प्युटर म्हणजे मडक्याएवढा मॉनिटर आणि वायरींचा गुंताडा. पण माझ्याकडे एक लॅपटॉप होता, मेव्हण्यांनी वापरून दिलेला, ज्याच्यावर मी अर्थातच लिनक्स टाकलेलं. राउटरला वायरलेसची सोय होती, ती कोणी चालूच केली नव्हती. ती चालू करायची, लॅपटॉप जोडायचा, उचलून आईच्या पलंगावर ठेवायचा, आणि बहीण तिकडून कॅमेऱ्यावर पाळणा दाखवेल. एका संध्याकाळचं काम, असं मी बाबांना सांगितलं.

"वायरलेस म्हणजे पोलिसांकडे असतं ते," बाबा म्हणाले. "वीस मीटर वायर टाकतो की. अर्ध्या तासाचं काम आहे."

"बाबा, वायरींचा जमाना गेला."

आयुष्य वायरींत घालवलेल्या माणसाला हे ऐकवताना माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही, याची आज लाज वाटते.

पहिल्या संध्याकाळी कळलं की लॅपटॉपमधलं वायरलेसचं कार्ड लिनक्सला ओळखूच येत नाही. ज्या कंपनीने ते बनवलं तिने लिनक्ससाठी ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, दिलेलाच नव्हता. उपाय एकच होता. दुसऱ्या सिस्टीमसाठी लिहिलेला ड्रायव्हर आणायचा आणि एका मधल्या प्रोग्रॅमच्या आडून तो लिनक्सच्या गळी उतरवायचा. त्यासाठी आधी तो मधला प्रोग्रॅम स्वतः बांधायचा. बांधताना तो अडायचा, कारण त्याला आणखी काहीतरी लागायचं, ते उतरवलं की त्याला आणखी तिसरं. क्लासमधून आल्या आल्या मी हॉलमधल्या दिवाणावर मांडी ठोकून बसायची, मांडीवर लॅपटॉप, शेजारी भिंतीत उघडी पेटी, कारण राउटरचे दिवे सारखे बघावे लागत. बाहेर थंडी मी म्हणत होती. बाबा कानटोपी घालून समोरच्या खुर्चीत पेपर वाचत बसत. पाच दिवस असे गेले. रोज आई आतून विचारायची, "झालं का गं?" आणि मी म्हणायची, "होतंय."

सहाव्या दिवशी कार्ड जागं झालं. छोटा हिरवा दिवा लागला तेव्हा मी किंचाळले. आता किल्ली घालायची, म्हणजे वायरलेसचा पासवर्ड. तोही तेव्हा सव्वीस अक्षरांचा असे, शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ अक्षरं, कशीही उलटसुलट. मी तो कॅलेंडरच्या मागे लिहून घेतला होता. बाबा म्हणाले, "आण, मी सांगतो, तू टाक."

आणि ते एक्स्चेंजच्या आवाजात सुरू झाले. "सात. ए फॉर अकोला. तीन. तीन. डी फॉर देवळाली. शून्य. एफ फॉर फलटण. परत सांगू? बी फॉर बीड. नऊ. सी फॉर चांदवड. ई फॉर एरंडोल." खांबावर चढून खालच्या माणसाला जोड्यांचे नंबर सांगायची सवय होती ती. प्रत्येक अक्षरानंतर थांबायचे, मी 'हं' म्हणायची, मग पुढचं. सव्वीसच्या सव्वीस, एकही चूक नाही. लॅपटॉपच्या कोपऱ्यात सिग्नलच्या पट्ट्या उगवल्या, एक, दोन, तीन, चार, पूर्ण. बाबा वाकून त्या बघत राहिले. म्हणाले, "जॉइंट दिसत नाही, पण लागलाय खरा." आमचं दोघांचं इतकं चांगलं त्याआधी कधी जमलं होतं ते मला आठवत नाही.

मी लॅपटॉप तसाच उचलला आणि नाचत आईकडे गेले. पलंगावर ठेवला, वळवला, आणि पट्ट्या गायब.

तिथून माझ्या छळाला सुरुवात झाली. हॉलमध्ये बसलं की सगळं ठीक. आत नेलं की मिनिटभरात बंद. परत हॉलमध्ये आले की चालू. मी ठरवून टाकलं की ड्रायव्हर दगा देतोय, जागा बदलली की कोलमडतोय. ड्रायव्हर काढला, जुना घातला, नवा घातला. कर्नल बदललं. लॅपटॉप वीज वाचवायला कार्ड झोपवत असेल म्हणून ते बंद केलं. आईचं लोखंडी कपाट आडवं येत असेल म्हणून बाबांना आणि मला दोघांना मिळून ते ढकलावं लागलं, आणि कपाटाच्या मागे आईची पाच वर्षांपूर्वी हरवलेली जोडवी सापडली. तेवढाच काय तो फायदा.

इंटरनेटवर लिनक्सवाल्यांचा एक मंच होता, तिथे मी गाऱ्हाणं मांडलं. कुठल्या तरी देशातल्या एका भल्या माणसाने सविस्तर उत्तर दिलं आणि शेवटी विचारलं, तुमचा राउटर एखाद्या धातूच्या वस्तूजवळ किंवा धातूच्या वस्तूत तर नाही ना? मी फणकाऱ्याने लिहिलं, 'नाही. तो हॉलमध्ये आहे.' हे उत्तर अजूनही तिथे असेल. कोणी शोधू नये.

कारण मला पेटी दिसतच नव्हती. वयाच्या बाराव्या वर्षापासून रोज पाहिलेली वस्तू दिसत नाही. मी तिच्यासमोर सहा दिवस बसले होते, तिचं दार माझ्या कोपराला लागत होतं. पण मी बसलेली असताना ते दार उघडं असायचं, एवढंच मला ठाऊक. मी उठल्यावर काय होतं, ते बघायला मी तिथे नसायचे.

दहाव्या दिवशी, शुक्रवारी, बाबा माळ्यावरून वायरीचं भेंडोळं काढून घेऊन आले. काळी, पिळाची, खात्यात असतानाची. धूळ पुसून आणलेली. म्हणाले, "टाकून ठेवतो. तुझं चाललं तर उत्तम, नाही तर ही आहे."

"ही टेलिफोनची वायर आहे बाबा. यात दोनच तारा. नेटवर्कच्या वायरीत आठ लागतात."

"मग आठवाली आणू."

"नको म्हटलं ना!" माझा पारा चढलाच होता. "तुमच्या काळातलं नाही हे. तुम्हाला यातलं काय कळतंय?"

आठ तारांची वायर कॉलेज रोडवर कुठेही मिळाली असती. दुसऱ्या दिवशी शनिवार होता, दुकानं उघडी होती. मी गेले नाही. मी हरले असं मला माझ्यापुरतंही म्हणायचं नव्हतं, आणि आईचा पाळणा मी त्या हट्टावर टांगून ठेवला. बाबांनी भेंडोळं पॅसेजमध्ये शिलाई मशीनखाली ठेवलं.

रविवार उजाडला. बारसं त्यांच्याकडे सकाळी, म्हणजे आमच्याकडे दुपारी साडेतीनला. आईने सकाळपासून तयारी चालवली होती. शेजारच्या काकूंनी येऊन तिची वेणी घातली, पडल्या पडल्या हिरवी साडी नुसती अंगावर नीट पांघरली. उशीशी कागदावर नावं लिहिलेली, आजोळच्या कोणाकोणाला ओवायचं त्यांची. ती ओठांतल्या ओठांत पाळणा घोळवत होती. पावणेतीनला मी हॉलमध्ये सगळं जोडून बघितलं, बहीण दिसली, आवाज आला. लॅपटॉप उचलून आत आणला. आईच्या समोर ठेवला. चित्र थिजलं आणि गेलं.

परत नेला, परत जोडला, परत आणला. परत गेलं. तीन वाजून गेले. मी पलंगाच्या कडेला बसले आणि आईकडे न बघता म्हणाले, "आई, नाही होत गं माझ्याच्याने." आणि रडू फुटलं.

आई छताकडे बघत होती. म्हणाली, "तू हे घेऊन आत येती तव्हा चालू राहतं ना?"

"हो, पण लगेच..."

"मग तिकडं खट् वाजतं. अन् मग तुझं बोंबलतं. चार दिस झाले, ऐकून राहिली मी. पडल्या पडल्या दुसरं काय काम हाय मला?" मग तिने हॉलच्या दिशेने, आयुष्यभराच्या त्याच स्वरात हाक मारली, "अहो, जरा खोलता का?"

मी धावत बाहेर आले. बाबा पेटीसमोर उभे होते, हातात किल्ली. मी लॅपटॉप घेऊन उठले की ते उठायचे आणि पेटी लावायचे, मी परत येताना दिसले की पुन्हा उघडायचे. रोज. दर वेळी. कॅबिनेटचं दार उघडं टाकून जॉइंटर उठत नाही. जाड पत्र्याच्या बंद पेटीत राउटर बिचारा आतल्या आत बडबडत बसायचा आणि मी लिनक्सच्या नावाने बोटं मोडत बसायची.

बाबांनी माझ्याकडे बघितलं, पेटीकडे बघितलं. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला ओरडताच येईना. "मीच तोडत होतो काय लाइन?" ते म्हणाले.

दार सताड उघडलं. आत जाऊन बघितलं, आता पट्टी आली, पण एकच, तीही लुकलुकती. मध्ये दोन भिंती होत्या आणि पेटीच्या तीन बाजूंना अजून पत्रा होता. राउटर पॅसेजपर्यंत आणायला हवा होता. विजेची वायर एक्स्टेंशन लावून पुरली असती, पण लाइनची वायर हातभर. वीस मिनिटं उरलेली. रविवारी दुपारी आमच्या भागात कुठलं दुकान उघडं?

"लाइनला दोनच तारा लागतात," बाबा म्हणाले. मला ऐकवायला नव्हे. ते भेंडोळ्यासाठी वाकलेही होते.

त्यांना काम करताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. वायर दातांनी सोलली, एक टोक पेटीत पक्कं केलं, भेंडोळं उलगडत पॅसेजमध्ये आले, राउटर शिलाई मशीनवर ठेवला आणि त्याची स्वतःची वायर मधून कापून तिच्या तारा आपल्या तारांना पीळ देऊन जोडल्या. राउटरचा दिवा लागला. त्यांनी हात काढला. दिवा गेला. राउटरच्या त्या नव्या वायरीतल्या तारा केसासारख्या, दोऱ्यावर गुंडाळलेल्या, पीळ धरीनात. सोल्डरला वेळ नव्हता. बाबांनी एक जोड उजव्या चिमटीत धरला, दुसरा डाव्या चिमटीत. दिवा लागला, लुकलुकला आणि स्थिर झाला.

"जा," ते म्हणाले. "चालू आहे."

मी आत गेले. पट्ट्या पूर्ण होत्या. आणि साडेतीन वाजून दोन मिनिटांनी आईच्या समोर तिची मोठी मुलगी दिसली, नऊवारीत, घाईघाईत नेसलेल्या. मग कॅमेरा खाली वळला आणि पाळणा दिसला, आणि पाळण्यात एक लाल, चुरगळलेला, जगावर वैतागलेला चेहरा. आई उशीवरून मान उचलून बघत राहिली. मग म्हणाली, "कपाळ माझ्या आईचं गं," आणि म्हणाली, "ओढ दोरी."

तिने पाळणा म्हटला. आवाज तिकडे पोचायला जरा वेळ लागायचा, त्यामुळे दोरी एक ओळ मागे चालायची. आईने ते दोन ओळींत ओळखलं आणि स्वतःच हळू केलं. ओढा आला, बोर आली. बाळ मध्येच रडायला लागलं, भरदार, आणि आईने आवाज चढवला. शेजारच्या काकू डोळे पुसत होत्या, मी तर कामातूनच गेले होते. मध्ये एकदा हॉलमधला फोन वाजला, पुन्हा एकदा वाजला, कोणीतरी अभिनंदनाला करत असणार. कोणी उचलला नाही. शेवटी आई नावांपाशी आली. सगळी घेतली. बाबांचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा लाजली, आणि घेतलं.

मग तिने हाक मारली, "अहो, या की. बघा तरी पोर."

"तुमचं चालू द्या," पॅसेजमधून आवाज आला.

दारातून ते मला दिसत होते. कानटोपी घातलेले, दोन्ही हात छातीशी, दोन्ही चिमटी घट्ट. लॅपटॉपची पाठ त्यांच्याकडे होती. मी लॅपटॉप वळवायला गेले, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं, आईला दिसेनासं झालं असतं. पाऊण तास ते तसे उभे होते.

सगळं आटोपल्यावर मी बाहेर आले. ते बोटं एकेक करून सरळ करत होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. क्लासमध्ये मीच शिकवायचे, फोन वाजतो तेव्हा लाइनमधून केवढा झटका जातो ते. उघड्या तारा दोन्ही हातांत, आणि फोन दोनदा वाजला होता.

"बाबा, रिंग आली तेव्हा?"

"ओळखीची आहे ती," ते म्हणाले. "तीस वर्षं खाल्ली."

आतून आईने विचारलं, "अहो, तुम्ही पाहिलीच नाही का हो नात?"

बाबा दारात जाऊन उभे राहिले. स्क्रीन तोवर बंद झाला होता. आई त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी दोन्ही हात स्वेटरमध्ये पुसले.

"ऐकली की," ते म्हणाले. "आवाज एकदम स्वच्छ होता. एकदाही कट नाही झाला."

दुसऱ्या दिवशी मी क्लासमधून आले तेव्हा पेटीचं दार बिजागरीतून काढून भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं आणि स्क्रू एका वाटीत. आईच्या उशीखाली बाबांच्या खिशातली ती छोटी किल्ली होती. तिला लावायला आता काही नव्हतं, तरी ती तिने कोणाला दिली नाही.